दाराखालची पाचर

जपूनकाकांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. दूधवाला, पोस्टमन, शेजारची पोरंटोरं, सगळ्यांच्या तोंडी जपूनकाकाच. कारण साधं होतं. माणूस रस्ता ओलांडायला निघाला की हे म्हणणार, "जपून." चहाचा कप उचलला की, "जपून, गरम आहे." आणि एखादा परदेशी निघालाय असं नुसतं कानावर आलं, की मग विचारूच नका. त्याला घरी बोलावून, खुर्चीत बसवून, तो जांभया देईपर्यंत यांचं जपून-जपून चालायचं.

ही कीर्ती पसरत पसरत सहली नेणाऱ्या एका कंपनीच्या कानावर गेली. त्यांनी काकांना रीतसर बोलावलं. सहल निघायच्या आधी प्रवाशांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायच्या, एवढंच काम. वाचनालयाच्या वरचा हॉल, रविवारची सकाळ, ध्वनिक्षेपक आणि टेबलावर पाण्याचा तांब्या. निवृत्त माणसाला आणखी काय हवं असतं? काका इस्त्रीचा शर्ट घालून जायचे आणि घसा खाकरून सुरुवात करायचे.

आणि बोलायचे छान, हे कबूल करायलाच हवं. पासपोर्ट पोटाशी ठेवा, पाठीशी नको. सगळे पैसे एका पाकिटात ठेवू नका. रस्त्यात मधोमध उभं राहून नकाशा उघडू नका, म्हणजे आपण वाट चुकलोय अशी दवंडी पिटल्यासारखं होतं. कोणी म्हणालं, तुमच्या शर्टावर काहीतरी सांडलंय, तर शर्टाकडे बघायचं नाही, आधी पिशवीकडे बघायचं. फोटो काढून देतो म्हणणाऱ्याच्या हातात फोन द्यायचा नाही. हसून बोलणाऱ्यापासून दोन हात लांब राहायचं. त्या देशाच्या भाषेतला एकच शब्द पाठ करायचा आणि तो म्हणजे "नको". काका तो शब्द सगळ्या हॉलकडून मोठ्याने म्हणवून घ्यायचे. शाळेत पाढे म्हणवतात तसा.

मग सगळ्यात शेवटी यायचं दार. इथे काकांचा आवाज खाली जायचा. हॉटेलच्या खोलीत आपण आहोत आणि बाहेरून कोणी दार वाजवलं, तर उघडायचं नाही. टॉवेल आणलाय म्हणेल, नळ गळतोय म्हणेल, गणवेश घातलेला असेल, बाई असेल, रडत असेल, काही असो. उघडायचं नाही म्हणजे नाही. धोक्याची घंटा वाजवतील, लोक घाबरून बाहेर पळाले की खोल्या साफ करतील, हीसुद्धा एक तऱ्हा आहे, फसायचं नाही. त्यांच्याजवळ खोलीची किल्ली असते हे विसरू नका. म्हणून मग हे.

आणि काका पिशवीतून पाचर काढायचे. वीतभर लांबीची, एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ, चांगल्या सागवानाची. खाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवलेला, म्हणजे फरशीवर सरकायला नको. आतून दाराखाली सरकवायची आणि टाचेने ठोकायची. बाहेरून जितकं ढकलाल तितकी ती घट्ट बसते. घराच्या मागच्या पडवीत बसून काका स्वतःच्या हाताने या पाचरी तासायचे. काकू वैतागून म्हणायच्या, "घरात भुसा, जेवणात भुसा, आता अंथरुणातही भुसाच." पण येणाऱ्या प्रत्येकाला एक पाचर मिळायची, फुकट.

आता एक गोष्ट जी हॉलमध्ये कोणालाच ठाऊक नव्हती. जपूनकाका आयुष्यात परदेशी गेले होते फक्त एकदा. ऐन तरुणपणी, कंपनीच्या कामाने. तिथे हॉटेलात पहिल्याच दिवशी दार वाजलं, यांनी "आलो आलो" म्हणत हसऱ्या तोंडाने उघडलं, आणि आत शिरलेल्या गणवेशातल्या दोघांनी यांना बनियनवर पलंगाच्या पायाला बांधलं आणि सगळं धुऊन नेलं. जाताना त्यातल्या एकाने हसत हसत गालावर एक टपली मारली, लहान पोराला मारतात तशी. पैसे गेल्याचं काकांना फार वाटलं नाही. ती टपली मात्र त्यांनी जन्मभर गालावर वागवली. काकूंना तेवढं माहीत होतं. त्या म्हणायच्या, "एकदाच गेले, पण अजून परत आले नाहीत."

त्या रविवारी काका विशेष खुशीत होते. ठकी परदेशात होती. ठकी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. लग्नाला वर्ष होऊन गेलं तरी बापाला विचारल्याशिवाय पान न हलवणारी. लहानपणी काकांनी सांगितलं होतं, मी येईपर्यंत शाळेच्या फाटकातून हलायचं नाही. तर एकदा काकांना उशीर झाला तेव्हा ही पावसात चिंब होऊन तिथेच उभी. शिपाई आत बोलावतोय, बाई बोलावतायत, ही जागची हलेना. काकांना आजही त्याचं कौतुक होतं. काकूंना मात्र ते आठवलं की उगाच धस्स व्हायचं.

जावईबापू मोकळ्या स्वभावाचे. ते सासऱ्यांच्या सूचना ऐकून "हो हो" म्हणायचे आणि विसरून जायचे. पण ठकीच्या बॅगेत पाचर होती, पोटाला पासपोर्ट होता आणि ओठावर तो एक शब्द होता. विमानात तिला सर्दी झाली, नाक चोंदलं, डोकं जड झालं. म्हणून त्या दिवशी, तिकडे दुपार आणि इकडे सकाळ असताना, ती हॉटेलात पडून राहिली आणि जावईबापू एकटेच फिरायला बाहेर पडले. हे तिने सकाळीच कळवलं होतं. काकांनी उलट कळवलं, "पाचर लाव." तिचं उत्तर आलं, "लावली."

हॉल भरलेला होता. पुढच्या रांगेत एक चष्मेवाले साहेब पाय पसरून बसले होते, व्याही-विहिणींना घेऊन जाणार होते म्हणे. मागे भिंतीशी एक हिरव्या छत्रीवाल्या बाई होत्या. काकांचं दाराचं प्रकरण संपलं, पाचरी वाटून झाल्या, प्रत्येकाच्या मांडीवर एकेक पाचर आली, तेवढ्यात त्या बाईंनी हात वर केला.

"घंटा खरीच असली तर? म्हणजे, खरंच आग लागली असली तर?"

"मग वास येतो, बाई," काका म्हणाले. "धुराला काही लपता येत नाही."

लोक हसले. बाई हसल्या नाहीत. त्या आणखी काही विचारणार होत्या, पण काकांच्या खिशातला फोन वाजला. काकांनी बघितलं, ठकी.

एरवी त्यांनी फोन बंद केला असता. पण समोर भरलेला हॉल होता, आणि लेक परदेशात होती, आणि माणूस शेवटी माणूस आहे. "बघा," ते म्हणाले, "माझीच मुलगी, तिथूनच बोलतेय." त्यांनी फोन स्पीकरवर टाकला आणि ध्वनिक्षेपकाजवळ धरला.

"बाबा," ठकीचा आवाज हॉलभर पसरला. नाकातून येणारा, दबका. "बाबा, कोणीतरी दार वाजवतंय."

आणि मग सगळ्यांना ते ऐकू आलं. ठक ठक ठक. थोडं थांबून पुन्हा, जोरात.

काकांच्या अंगावरून काटा सरकत गेला. पण त्या काट्यात, खोटं कशाला बोला, थोडा आनंदही होता. इतकी वर्षं जे सांगत आलो ते आज या सगळ्यांच्या कानांवर पडतंय.

"कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"बाई आहे. काहीतरी ओरडतेय. मला कळत नाहीये. मी त्यांचा फोन फिरवला खालच्या काउंटरचा, तो लागतच नाहीये. ह्यांचाही लागत नाही."

"लाइन तोडली असणार," काका हॉलकडे बघत म्हणाले. "घाबरू नकोस. तो शब्द म्हण."

ठकीने तो शब्द म्हटला. नको. मग पुन्हा, मोठ्याने. हॉलमधल्या दोघाचौघांनी नकळत तिच्याबरोबर ओठ हलवले. पलीकडून बाईचा आवाज आणखी चढला. त्यातलं अक्षर कोणाला कळलं नाही, पण चढला एवढं सगळ्यांना कळलं.

"बाबा, घंटापण वाजतेय कुठेतरी."

"वाजू दे. सांगितलं होतं ना तुला?"

मागच्या हिरव्या छत्रीवाल्या बाई उठून उभ्या राहिल्या. "अहो, तिला खिडकीतून बघायला सांगा," त्या म्हणाल्या. काकांनी हाताने थांबा म्हटलं. त्यांना आता कोणी मध्ये बोललेलं नको होतं.

तेवढ्यात पलीकडे कुलपाचा खट्ट आवाज झाला. ठकीच्या तोंडून नुसता श्वास निघाला.

"बाबा, तिने किल्ली लावली. दार उघडलं. पाचरीला अडलंय. बाबा, फटीतून बोटं आलीत आत."

कोणीतरी "अगं बाई" म्हणालं. चष्मेवाले साहेब पाय आखडून सरळ बसले. काकांच्या गालावर ती जुनी जागा चरचरायला लागली. त्यांना तो गणवेश आठवला, ते हसू आठवलं.

"दार दाब," काका म्हणाले.

"बोटं आहेत, बाबा."

"असू देत. अंगाचा भार टाक आणि दाब. ठकी, ऐक माझं. दाब."

ठकीने ऐकलं. तिने ऐकलं नाही असं कधी झालंच नव्हतं. फोन बहुधा पलंगावर पडला, कारण पुढचं सगळं लांबून आल्यासारखं आलं. धप्प आवाज, आणि त्या परक्या बाईची किंकाळी. मग फोन उचलून ठकीचा धापा टाकणारा आवाज, "गेली. हात काढला तिने."

"पाचर आणखी आत ठोक. टाचेने."

ठकठकठक. तिने ठोकली. बाहेर पावलं लांब गेली, दुसरं कुठलंतरी दार वाजलं, मग आणखी पलीकडचं. काकांनी कपाळावरचा घाम पुसला, हॉलकडे बघितलं आणि म्हणाले, "बघितलंत? आता दुसरं दार शोधतायत."

टाळ्या पडल्या. खऱ्याखुऱ्या, कडकडून. चष्मेवाले साहेब उठून पुढे आले, काकांचा हात हातात घेऊन म्हणाले, "कमाल आहे तुमची, काका. नातवाला शिकवणीहून आणायचंय, निघतो. पण आज डोळे उघडले." पाचर खिशात घालून ते गेले. त्यांच्या मागून आणखी काहीजण गेले. गेले ते सगळे टाळ्या वाजवून गेले, हे लक्षात ठेवा.

काकांनी फोन तोंडाशी नेला. "ठकी, पाणी पी थोडं."

"बाबा," ती म्हणाली, आणि खोकली. "डोळे चुरचुरतायत."

"रडलीस म्हणून."

"रडले नाही मी." पुन्हा खोकला. "बाबा, दाराखालून काहीतरी येतंय. पाचरीच्या दोन्ही बाजूंनी. करडं करडं."

"वास?" काकांनी विचारलं. "ठकी, वास कसला येतोय?"

"मला कुठे वास येतोय, बाबा. नाक चोंदलंय माझं."

फोन अजून स्पीकरवरच होता. हॉलमध्ये राहिलेल्या सगळ्यांनी ते ऐकलं. काका टेबलाच्या कडेवर बसले, तर तांब्या कलंडला आणि पाणी त्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर सांडलं. त्यांच्या ते गावीही नव्हतं.

"उघड," ते म्हणाले. "ठकी, दार उघड."

"तुम्हीच म्हणालात..."

"मी म्हणालो ते सोड. उघड दार. बाहेर पळ."

मग त्या भल्या मोठ्या हॉलमध्ये ध्वनिक्षेपकातून एका मुलीची धडपड ऐकू येत राहिली. दार खडखडत होतं. पाचर निघत नव्हती. ती निघू नये म्हणूनच तर काकांनी ती तशी तासली होती. ट्यूबचा तुकडा कुठला चांगला धरतो हे बघायला त्यांनी कितीतरी सायकलींच्या ट्यूबा कापल्या होत्या. "ओढू नकोस," ते ओरडत होते, "आधी दार पुढे ढकल, मग बाजूने मार, जाड बाजूला मार." पण फोन पुन्हा पलंगावर आणि ती दाराशी, तिला काय ऐकू जाणार. ती खोकत होती. मध्येच तिने "आई" म्हटलं. बाबा म्हटलं नाही. मग काहीतरी जड वस्तू लाकडावर आदळल्याचा आवाज आला, पुन्हा आला, आणि फोन बंद पडला.

काकांनी परत लावला. लागला नाही. परत लावला. हिरव्या छत्रीवाल्या बाई जवळ येऊन त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. मघाचं त्यांनी काही बोलून दाखवलं नाही. नुसता त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. काकांना वाटलं, यांनी मला शिव्या द्याव्यात.

घरी काकूंना सांगायची वेळ आली तेव्हा काकांना वाक्य जुळेना. "तिकडे जरा," ते म्हणाले, आणि पुढे गाडं अडलं. काकूंनी त्यांचा ओला शर्ट बघितला, चेहरा बघितला आणि भिंत धरून खाली बसल्या. दोघं तशीच बसून राहिली. पडवीत तासायला काढलेल्या पाचरी ओळीने मांडल्या होत्या आणि काकूंची नजर राहून राहून तिकडेच जात होती. एकदा त्या म्हणाल्या, "शाळेच्या फाटकाशी भिजली होती बघा." एवढंच. काकांनी मान खाली घातली.

जावईबापूंचा फोन आला तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. ठकी जिवंत होती. इस्पितळात होती, छातीत धूर गेला होता, पण बोलत होती. काकू हमसून हमसून रडल्या. काकांचा जीव भांड्यात पडला आणि तेवढ्यात पलीकडून ठकीनेच फोन घेतला.

"बाबा, तुम्हाला सांगायचंय काहीतरी," ती म्हणाली. आवाज घोगरा, पण अगदी शांत. "दार उघडलं तर बाहेर काही दिसत नव्हतं. मी रांगत निघाले ते चुकीच्या बाजूला. कोणीतरी माझं मनगट धरलं आणि ओढत जिन्यापर्यंत नेलं. तीच होती, बाबा. साफसफाईवाली. तिची दोन बोटं मोडली होती, लोंबत होती. त्याच हाताने तिने मला धरलं होतं."

काकांनी फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"मला खाली ढकललं आणि ती परत वर गेली. आणखी दारं होती ना. माझ्या दाराशी तिचा किती वेळ गेला, बाबा. मी नको नको म्हणत होते आणि ती ढकलत होती." ठकी थांबली. "ती खाली आली नाही. इथे तिची मुलगी बसलीये समोरच्या बाकावर. माझ्याएवढीच आहे. तिच्या भाषेतला मला एकच शब्द येतो, आणि तो मी तिला कुठल्या तोंडाने म्हणू?"

फोन ठेवल्यावर काका पडवीत गेले. पाचरी गोळा करून त्यांनी बंबात घालायला नेल्या, काडी ओढली, पण ती लाववेना. ओढलेली काडी बोटाशी येईपर्यंत नुसते बघत राहिले. शेवटी काकूंनी येऊन ती फुंकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. काका एकदम दचकले. मग स्वतः उठले, स्वतः गेले आणि कोण आहे हेही न विचारता दार सताड उघडलं. बाहेर चष्मेवाले साहेब उभे होते, चांगले तजेलदार, हातात पेढ्यांचा पुडा असावा तसा प्रसन्न चेहरा.

"काका, तसदी देतोय," ते म्हणाले. "आज निघतोय आम्ही. व्याह्यांना काल सगळं सांगितलं, तुमच्या मुलीचा तो फोन, ती बोटं, ते दाबणं. अंगावर शहारे आले त्यांच्या. आता त्यांनाही एक पाचर हवीय. आहे का एखादी?"

काकांनी मान हलवली. नाही. त्यांना सांगायचं होतं, तुमची ती पाचरही परत द्या. त्यांना त्या बाईचं सांगायचं होतं, तिच्या मुलीचं, बाकाचं. त्यांनी दाराची चौकट धरली.

"साहेब, ऐका माझं. तिथे कोणी दार वाजवलं," ते म्हणाले, "कोणी दार वाजवलं, तर..."

आणि आवाजच फुटेना. ओठ हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, शब्द काही येईना. आतून काकू येईपर्यंत साहेबांनी घड्याळ बघितलं होतं. बाहेर गाडी हॉर्न वाजवत होती. म्हाताऱ्या माणसाला आपल्या काळजीने भरून आलंय असं वाटून साहेबांनाही गहिवरून आलं. त्यांनी काकांच्या गालावर प्रेमाने हलकी टपली मारली.

"तर उघडायचं नाही," ते म्हणाले. "पाठ आहे, काका." आणि भराभर पायऱ्या उतरून गेले.